पिकअप वाहनातील केबिन हीटर

केबिन हीटर ही वाहनाच्या चालककक्षात उबदार हवा सोडणारी आणि पुढच्या काचेवर आतून धरणारे बाष्प घालविणारी यंत्रणा आहे. डिझेल किंवा पेट्रोल इंजिनाच्या वाहनात ती स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिन थंड राहावे म्हणून त्याच्याभोवती जो द्रव खेळविलेला असतो, त्याने शोषलेली उष्णता ती केबिनकडे वळविते. त्यामुळे हीटर दिसायला डॅशबोर्डचा भाग असला तरी कार्याने तो इंजिनाच्या शीतन-यंत्रणेचा भाग आहे. जुन्या पिकअपचा हीटर कधी चालतो, कधी चालत नाही, अशी तक्रार असेल तर दोषाचे मूळ बहुधा याच यंत्रणेत सापडते. अशा तक्रारीकडे दुर्लक्ष केल्यास पुढे इंजिन तापून निकामी होण्याची वेळ येऊ शकते.

उपयोग व प्रादेशिक संदर्भ

उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या मराठवाड्यात वाहनाला हीटर कशाला हवा, असा प्रश्न साहजिक आहे. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि आसपासच्या बालाघाटच्या पठारावरील गावांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा परिसर कोरडवाहू शेतीचा व दुग्धव्यवसायाचा असून भूमचा खवा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. दूध आणि खवा हे नाशवंत पदार्थ असल्याने त्यांची वाहतूक ऊन चढण्यापूर्वी, पुष्कळदा पहाटेच्या अंधारात करावी लागते, आणि ती मुख्यतः पिकअप वाहनांतूनच होते. पौष-माघातल्या पहाटे उघड्या माळावरचा गारठा चांगलाच बोचरा असतो. चालक आणि सोबतची दोन माणसे काचा लावून बसली की त्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो.

पावसाळ्यातही हेच घडते. ओल्या कपड्यांतून व पायपुसण्यांतून निघणारे बाष्प काचेवर धरते. हाताने किंवा फडक्याने पुसलेली काच दोन मिनिटांत पुन्हा धूसर होते आणि वर तेलकट फराटे उरतात ते वेगळेच. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश त्या फराट्यांवर पसरतो. अशा वेळी घाटातले वळण केवळ अंदाजाने घ्यावे लागते. वातानुकूलन नसलेल्या जुन्या पिकअपमध्ये काच सातत्याने स्वच्छ ठेवण्याचे हीटर हेच एक खात्रीचे साधन असते. म्हणून महाराष्ट्रात हीटरचे खरे मोल उबेपेक्षा दृष्टीच्या संदर्भात आहे. शीतन-द्रवाच्या उष्णतेने तापलेली हवा काचेवर सोडली की काचेचे तापमान वाढते, तीवर बाष्प जमत नाही आणि जमलेले उडून जाते. या कामी बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडी ठेवावी. केबिनमधलीच दमट हवा फिरत राहिली तर काच स्वच्छ व्हायला उशीर लागतो.

रचना व कार्य

इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच वाहनाला गती देण्याच्या कामी येतो. उरलेला बहुतेक भाग सायलेन्सरवाटे व शीतन-द्रवावाटे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. इंजिनातील पोकळ्यांतून हा द्रव वॉटर पंपाच्या जोराने फिरतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप रेडिएटरकडचा मार्ग बंद ठेवते. द्रवाचे तापमान सर्वसाधारणपणे ८० ते ९० अंश सेल्सिअस झाले की झडपेतील मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि द्रव रेडिएटरकडे जाऊ लागतो.

हीटरसाठी इंजिनापासून दोन रबरी नळ्या निघतात. इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याच्या भिंतीतून त्या डॅशबोर्डखाली जातात. तेथे हीटर कोअर नावाची, वहीएवढ्या आकाराची, बारीक नळ्या व पातळ पाती असलेली जाळी असते. मिस्त्री लोक तिला 'छोटा रेडिएटर' म्हणतात आणि हे नाव शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. एका नळीने गरम द्रव कोअरमध्ये येतो, दुसरीने परत जातो. ब्लोअरचा पंखा या जाळीतून हवा ढकलतो आणि ती तापून पायाशी किंवा काचेवर येते. उष्णता कमीअधिक करण्यासाठी काही गाड्यांत नळीवर तारेने ओढली जाणारी पाण्याची झडप असते, तर काहींत थंड व गरम हवेचे मिश्रण करणारे एक दार असते.

या रचनेतील एक बारकावा पुढील सर्व विवेचनाला आधारभूत आहे. अनेक गाड्यांत हीटर कोअर शीतन-मंडलाच्या वरच्या भागात बसविलेला असतो आणि त्याच्या नळ्याही अरुंद असतात. त्यामुळे द्रव कमी झाला, त्यात हवा शिरली किंवा गाळ साचला, तर त्याचा परिणाम पुष्कळदा इंजिनाआधी हीटरवर दिसतो.

इतिहास

घोडागाडीच्या वारसदार असलेल्या आरंभीच्या मोटारी उघड्याच होत्या. बंद केबिन आल्यावर प्रथम सायलेन्सरच्या नळीभोवतीची तापलेली हवा आत घेण्याचे प्रयोग झाले, परंतु नळीला चीर पडल्यास विषारी धूर थेट केबिनमध्ये येई. १९३० च्या दशकात गरम पाण्यावर चालणारे हीटर अमेरिकेत रुळले आणि तीच पद्धत पुढे जगभर मान्य झाली. भारतात दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जोडणी होऊ लागलेल्या महिंद्र कंपनीच्या जीपगाड्या मुळात उघड्या असल्याने त्यांत हीटरला फारसा अर्थ नव्हता. टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीची १९८८ मधील टाटामोबाइल आणि २००० साली आलेल्या महिंद्र बोलेरोच्या कुळातील पिकअप यांसारख्या वाहनांमुळे ग्रामीण महाराष्ट्रात बंद केबिनचे छोटे मालवाहू वाहन सर्वत्र झाले. मात्र मालवाहू वाहनांच्या सर्वच आवृत्त्यांत हीटर असतो असे नाही. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बॉनेट उघडून पत्र्याच्या भिंतीतून दोन नळ्या आत जातात की नाही, हे पाहून घ्यावे.

बिघाडाची लक्षणे व त्यांचा अर्थ

हीटर चालत नाही या तक्रारीत दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. हवा येत नाही, की हवा येते पण गरम नसते? हवाच येत नसेल तर दोष विजेचा असतो: फ्यूज, स्विच, ब्लोअरची मोटर किंवा तिच्या जोडण्या. पंखा फक्त सर्वांत जोराच्या वेगावर चालत असेल आणि कमी वेगांवर मुका राहत असेल, तर वेग कमी करणारा रेझिस्टर जळाला आहे असे बहुतेक खात्रीने म्हणता येते. पंखा खड्ड्यात आदळल्यावर सुरू होत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेले असतात किंवा अर्थिंग सैल असते. हे दोष स्वस्तात निस्तरतात आणि त्यांचा इंजिनाशी संबंध नाही.

हवा येते पण कधी गरम, कधी गार, हा प्रकार मात्र लक्षपूर्वक पाहावा लागतो. चढावर किंवा एक्सलरेटर दाबल्यावर हवा गरम लागते आणि सिग्नलला किंवा टोलनाक्यावर गाडी उभी राहिली की गार होते, असे असेल तर संथ गतीत पंपाचा जोर द्रवाला कोअरपर्यंत पोहोचविण्यास अपुरा पडत आहे. द्रवाची पातळी खाली गेलेली असणे हे याचे सर्वांत नेहमीचे कारण होय. मंडलात हवेचा बुडबुडा अडकणे, कोअर अर्धवट तुंबणे आणि पंपाची पाती गंजून झिजणे ही त्यानंतरची कारणे. डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखा खळखळाट ऐकू येत असेल तर हवा शिरली आहे हे निश्चित समजावे. डिझेल इंजिन नुसते चालू ठेवून उभे केले तर त्यात फारशी उष्णता निर्माणच होत नाही. त्यामुळे थंडीत उभ्या गाडीत हवा कोमट राहणे हा दरवेळी दोषच असतो असे नाही.

याच्या उलट, गावातल्या संथ वाहतुकीत ऊब येते पण महामार्गावर वेग घेतल्यावर हवा गार होते आणि तापमानाचा काटाही खाली उतरतो, हे थर्मोस्टॅट उघड्या अवस्थेत अडकल्याचे किंवा मुळात नसल्याचे लक्षण आहे. उष्ण प्रदेशातील अनेक गॅरेजांत, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. तात्पुरता उपाय म्हणून ती समजण्यासारखी असली तरी मूळ कारण तिने झाकले जाते. इंजिन नेमलेल्या तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त जळते, सिलिंडरची झीज वाढते आणि तुंबलेला रेडिएटर तसाच राहतो. जुनी गाडी विकत घेताना हीटर वेगात गार पडतो का, हे पाहिल्यास थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही याचा अंदाज टोपण न उघडताही येतो.

गोडसर वास, काचेवर फडक्याने न निघणारा चिकट थर आणि सहप्रवाशाच्या पायाखालचे ओले पायपुसणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर हीटर कोअर गळत आहे. हा थर पाण्याच्या बाष्पाचा नसून कूलंटमधील ग्लायकोलचा असतो, म्हणून हीटर जितका जोरात लावावा तितकी काच अधिक धूसर होते.

भर उन्हाळ्यात हीटर बंद करूनही गरम हवा येत राहणे ही मराठवाड्यातील नेहमीची तक्रार आहे. पाण्याची झडप क्षारांनी अडकलेली असते, तिची तार तुटलेली असते किंवा हवेच्या दाराची खूण सरकलेली असते. तक्रारीचे स्वरूप उलटे असले तरी तपासायचे भाग तेच.

तपासणीचा क्रम

तपासणीची सुरुवात पूर्ण थंड झालेल्या इंजिनापासून करावी, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे टोपण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण टोपणाच्या दाबाखाली तोच द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल होताच दाब उतरतो आणि आतील द्रवाची क्षणार्धात वाफ होऊन तो तोंडावर व छातीवर उसळतो. चिंधी धरून हळूहळू उघडण्याची सर्वत्र दिसणारी रीत या धोक्यातून वाचवीत नाही.

पातळी पाहताना केवळ प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नये. टोपणाचे रबर खराब झाले असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अशी स्थिती असू शकते. पातळी कमी आढळली तर भर घालून काम संपले असे मानण्याचे कारण नाही, कारण बंद मंडलातील द्रव आपोआप आटत नाही. नळ्यांची टोके, पंपाखालचा थेंब, रेडिएटरच्या कडा, केबिनमधील ओल या ठिकाणी गळती शोधावी. बाहेर कोठेच गळती नाही, तरी द्रव घटतो, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते किंवा इंजिन ऑइल दुधाळ होते, असे आढळल्यास हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा आणि गाडी चालविणे थांबवावे. गॅस्केट गेल्यावर ज्वलनाचे वायू द्रवात शिरतात आणि हीटरमध्ये वारंवार हवा भरते. दर आठवड्याला हवा काढूनही जो हीटर पुन्हा खळखळतो, त्याच्या बाबतीत ही शक्यता प्रथम तपासावी.

यानंतर इंजिन सुरू करून काटा नेहमीच्या जागी येऊ द्यावा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. मग भिंतीजवळच्या दोन्ही नळ्यांना, फिरत्या पंख्यापासून व पट्ट्यापासून बाही आणि हात जपून, हलकेच स्पर्श करावा. दोन्ही नळ्या सारख्याच गरम आणि तरीही हवा गार असेल, तर दोष हवेच्या दारात किंवा त्याच्या तारेत आहे. एक चटका देणारी आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर द्रव कोअरमधून पुरेसा वाहत नाही, म्हणजे कोअर तुंबला आहे. दोन्ही गार असतील तर झडप बंद आहे, हवा अडकली आहे किंवा पाणीच नाही. एवढ्या एका चाचणीने बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. कोअर बदलण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने, नळ्यांना हात न लावता कोअर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास तो मान्य करण्याची घाई करू नये.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढाकडे करून, थंड अवस्थेत टोपण उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून मंडल सावकाश भरतात. इंजिन सुरू करून बुडबुडे येणे थांबेपर्यंत भर घालतात आणि द्रव तापून वर चढू लागण्यापूर्वीच टोपण लावतात. काही इंजिनांवर हवा सोडण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो.

पाणी की कूलंट

चालक मंडळी शीतन-द्रवाला सर्रास 'पाणी' म्हणतात, आणि घोटाळ्याची सुरुवात या शब्दापासूनच होते. 'पाणी घाल' असे सांगितले की क्लीनर जवळच्या बोअरचे पाणी आणतो. दख्खनच्या काळ्या खडकातील भूजल सामान्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त व जड असते. ज्या पाण्याने घरातल्या पातेल्यांना पांढरा थर चढतो, तेच पाणी इंजिनात तापते आणि तोच थर तेथेही बसतो. हीटर कोअरच्या नळ्या सर्वांत बारीक असल्याने त्या आधी तुंबतात. त्यानंतर रेडिएटरची पाळी येते. पाण्याच्या टंचाईच्या वर्षांत तर जे मिळेल ते पाणी भरले जाते. थराबरोबर गंजही येतो, कारण ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि तांब्या-पितळेचा कोअर असे भिन्न धातू एकाच द्रवात बुडालेले असतात. गंजरोधक नसलेल्या पाण्यात त्यांचे क्षरण वेगाने होते आणि तपकिरी चिखल तयार होतो.

कूलंट हे मुख्यतः इथिलीन ग्लायकोल व गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. थंड देशांत ते गोठू नये म्हणून वापरतात, म्हणून येथे त्याची गरज नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. समप्रमाणातील मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी जास्त असतो आणि गंजरोधक गुण तर हवामानावर अवलंबूनच नाही. मिश्रणासाठी शुद्ध, म्हणजे बॅटरीसाठी मिळणारे पाणी वापरावे. भिन्न प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत, आणि रंग एक म्हणजे प्रकार एक असेही मानू नये. वाटेत निरुपाय म्हणून साधे पाणी भरावे लागले तर गावी पोहोचल्यावर मंडल धुऊन पुन्हा योग्य मिश्रण भरावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

अर्धवट तुंबलेला कोअर दोन्ही नळ्या सोडून, उलट दिशेने कमी दाबाच्या पाण्याने धुतल्यास पुष्कळदा मोकळा होतो. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत हे करावे. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने सोडल्यास जुना कोअर फुटतो. फार जुन्या कोअरमध्ये थर निघताच त्याने झाकलेली छिद्रे उघडी पडतात आणि गळती सुरू होते, ही शक्यताही मालकाला आधी सांगून ठेवणे योग्य.

बायपास

गळणारा कोअर बदलण्याऐवजी इंजिनाकडील दोन्ही नळ्यांची तोंडे एकमेकांना जोडून टाकणे, याला बायपास म्हणतात. वाटेवरच्या अडचणीत तो उत्तम उपाय आहे, कारण द्रव गळायचा थांबतो आणि गाडी घरी येते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना द्रव याच मार्गाने फिरत असल्याने तोंडे बुच मारून बंद करण्यापेक्षा जोडणे श्रेयस्कर असते. परंतु उन्हाळ्यात केलेला बायपास पुढे कायमचा राहतो आणि पहिल्या पावसात काच धूसर झाल्यावरच त्याची आठवण होते. दुसऱ्या मालकाला तर तो केलेला आहे हे ठाऊकही नसते.

तापलेले इंजिन व हीटर

घाटात काटा वर चढू लागल्यावर काचा उघडून हीटर पूर्ण जोरात लावणे हा जुन्या चालकांना ठाऊक असलेला तोडगा शास्त्रशुद्ध आहे. हीटर कोअर त्या वेळी दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो आणि थांबण्यायोग्य जागा मिळेपर्यंत इंजिनाला आधार मिळतो. मात्र काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली तर कोअरपर्यंत द्रव पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तेव्हा गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करणे भाग आहे. तापमान मोजणारा सेन्सर द्रवाऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडला तर तो चुकीचे, कित्येकदा कमी तापमान दाखवितो. चढावर असलेला काटा अचानक खाली येणे आणि त्याच वेळी हीटरची हवा गार होणे, हे गाडी निवल्याचे लक्षण म्हणून स्वीकारले गेल्याने हेड वाकल्याची व पिस्टन जॅम झाल्याची प्रकरणे गॅरेजांना नवी नाहीत.

सुरक्षितता व नियम

हीटर बंद असल्यामुळे केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक ठरते. कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसल्याने झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन चालू ठेवून बंद जागेत झोपणेही तितकेच धोक्याचे आहे. सायलेन्सर गळका असल्यास तो धूर हवा आत घेण्याच्या मार्गाने केबिनमध्ये येऊ शकतो. डिझेलच्या धुराचा वास आल्यास ब्लोअर बंद करून काचा उघडाव्यात.

२०२५ पासून नव्याने उत्पादित साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा केंद्र शासनाने बंधनकारक केली आहे. साडेतीन टनांपर्यंतची पिकअप वाहने या नियमात येत नाहीत आणि आधीच रस्त्यावर असलेल्या वाहनांनाही तो लागू नाही.

इथिलीन ग्लायकोल चवीला गोड व विषारी असते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. मंडल रिकामे करताना द्रव पसरट भांड्यात धरावा. गोठ्याच्या किंवा हौदाच्या वाटेवर तो सांडलेला राहू देऊ नये, कारण कुत्री, शेळ्या व वासरे तो चाटतात. काढलेला द्रव पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुलांच्या हाती लागणार नाही अशा, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये तो ठेवून गॅरेजकडे द्यावा.